‘शून्य कचरा हे थोतांड’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: शून्य कचरा अशक्य आहे. ऑफिसं-कॉलेजांनी कितीही वेगळा केला तरी गाडीत सगळं एकत्रच होतं. त्यापेक्षा सगळं जाळून वीज करावी. आणि हे लाड मोठ्या कंपन्यांनाच परवडतात. मी एका कॉलेजात कँटीनच्या कचऱ्याचं काम बरीच वर्षं पाहिलं आहे. त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘शून्य’ या शब्दावर अडून बसायचं कारण नाही. झिरो वेस्ट इंटरनॅशनल अलायन्स या जागतिक संस्थेची कसोटी ९० टक्क्यांची आहे. निदान एवढा कचरा ना डम्पिंग यार्डात जावा, ना भट्टीत.

गाडीत एकत्र होतं, ही तक्रार मात्र खरी आहे. वेगळे भरलेले डबे एकाच हौद्यात रिकामे होताना मी पाहिले आहेत आणि जीव तुटला आहे. पण मग ओला कचरा गाडीपर्यंत जाऊच कशाला द्यायचा? भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डात तोच दबून सडतो, त्यातून मिथेन निघतो आणि उन्हाळ्यातल्या आगींना तो बळ देतो. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ५००० चौरस मीटरहून मोठ्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. आणि ते जमतं. संत्र्या-मोसंबीची सालं, चहाचा चोथा, भाजीचे देठ यांच्या एका घमेल्यावर दोन-तीन घमेली वाळला पाला, असं खताच्या खड्ड्यात टाकायचं. खताला वास येतो तो हवा कोंडली म्हणून, आणि पाला ती हवा खेळती ठेवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब झडतो तेव्हा लोक तो पाला पेटवून देतात. आम्ही पोत्यांत भरून वर्षभर पुरवायचो. तर्रीचं तेल मात्र खड्ड्यात जाऊ देऊ नये, ढेकळं होतात आणि माश्या घोंगावतात. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की खड्डा वाळून खत होणं थांबतं. तेव्हा वर ओली पोती टाकावी लागतात. एवढीच काय ती विद्या.

जाळून वीज? आपला कचरा ओला. बरीच आच पाणी आटवण्यातच जायची. राख उरते, ती पुरावी लागतेच. शिवाय भट्टीला रोज भरपूर कचरा लागतो. मग तो कमी करण्यात कुणाला रस राहील?

खर्चाचं म्हणाल, तर स्टीलचे ग्लास आणि ते विसळायला एक माणूस, एवढ्याने आमचे कागदी कप बंद झाले. त्या कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे भंगारवाला हात लावत नाही. कोरड्या, स्वच्छ रद्दीला मात्र तो पैसे मोजतो. काय फेकायचं हे बरंचसं खरेदीच्या वेळीच ठरतं.

आमच्याकडे शेवटपर्यंत उरली ती खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पन्नी. तिला कुणी गिऱ्हाईक नाही, आणि ती आम्ही विकतही घेत नव्हतो. पोरं फाटकाबाहेरच्या टपरीवरून आणायची. शिक्षणसंस्थेच्या १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून कचऱ्याच्या बैठकीत पुढचा विषय आम्ही तोच घेतला.