तोंड निघतं का?

परवाच्या रविवारी पुण्यातल्या एका सार्वजनिक बागेच्या फाटकावर मला अडवलं. खरं तर मला नाही, माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याला. मी एरवी कुठेही जाऊ शकतो, माझ्यात अडवण्यासारखं आजवर कुणालाच काही दिसलेलं नाही. बायको पुढे निघून गेली होती, स्कूटरची किल्ली तिच्या पर्समध्ये, आणि ती एकदा चालायला लागली की मागे वळून बघत नाही. म्हणजे आत जाणं भाग होतं.

भांडण नीट कळायला कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. फुजीफिल्मचा एक्स-टी३० आहे. क्रॉप सेन्सर, म्हणजे ज्याच्यावर फोटो उमटतो तो आतला तुकडा आकाराने लहान. फोटोवाले लोक ज्याला अदबीने ‘फुल फ्रेम’ म्हणतात त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. माझ्या कॅमेऱ्यातला साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा. क्षेत्रफळ काढलंत तर निम्म्याहूनही कमी भरतं. एवढ्यावरून माणसाची लायकी ठरते.

गेल्या महिन्यात एका मुंजीत मी हौसेने चार फोटो काढत होतो, तर पगारी फोटोग्राफरच्या दिव्याचा दांडा धरून उभ्या असलेल्या पोराने माझ्याकडे बघून विचारलं, “काका, फुल फ्रेम का?” नाही म्हटल्यावर तो “असू दे, असू दे” म्हणाला. कोणाच्या घरी काही वाईट घडल्यावर म्हणतात त्या सुरात. बटूची भिक्षावळ होती म्हणून मी गप्प बसलो.

वास्तविक मी हा कॅमेरा विचार करून घेतलाय. माझ्या एका मित्राकडे फुल फ्रेम आहे. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि तिच्यावर ती सुप्रसिद्ध २४-७०ची एफ २.८ झूम लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं), असं मिळून दीड किलोच्या आसपास. इतकं वजन घेऊन कोणी दूध आणायला जात नाही. त्यामुळे त्याचा कॅमेरा घरीच असतो. तोही साध्या कपाटात नाही. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते म्हणून त्याने विजेवर चालणारी एक पेटी आणलीय, तिच्यात दमटपणा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. त्या घरात हवामान सांभाळलं जातं असा तो एकच सदस्य. आम्ही गेलो की मित्र काचेतून दाखवतो.

माझा कॅमेरा बॅटरी-कार्ड धरून ३८३ ग्रॅम, वर ३५ एफ २ची लेन्स १७० ग्रॅम. अर्धा किलो भेंडी घेतली आणि भाजीवालीने वर कढीपत्ता टाकला, इतकंच ओझं. बॅग लागत नाही. ऑफिसला, बँकेत, सासुरवाडीला, कुठेही खांद्यावर टाकून निघता येतं. तोटे आहेत, कोण नाही म्हणतंय? कमी उजेडात एक स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) जरा जास्त मार खातो. मागचं सगळं धूसर करायचं म्हटलं तर माझी एफ २ त्यांच्या एफ ३इतकीच चालते. पण ही धूसर करण्याची हौस मला मुळात कळत नाही. लोक खर्च करून लोणावळ्याला जातात आणि फोटोतून लोणावळा पुसून टाकतात. मग घरच्या गच्चीवर काढायचा ना. आणि फुजी तर फुल फ्रेम बनवतच नाही. एक तर क्रॉप, नाहीतर एकदम त्याच्याही वरचा मीडियम फॉरमॅट. म्हणजे मधल्यांना त्यांनी विचारातच घेतलेलं नाही, ही गोष्ट मला फार आवडते.

असो. फाटक.

फाटकाशी प्लास्टिकची लाल खुर्ची, खुर्चीत निळ्या गणवेशातले मामा, गळ्यात शिट्टी, मांडीवर रजिस्टर. डोक्यावर पाटी: ‘उद्यानात व्यावसायिक छायाचित्रणास सक्त मनाई आहे.’

“कॅमेरा नाही चालणार सर.”

“मामा, व्यावसायिक नाही हा. घरचा आहे.”

“सगळे घरचाच म्हणतात.”

“अहो, साधा कॅमेरा आहे.”

“तोंड निघतं का?”

“काय?”

“ह्याचं पुढचं तोंड. फिरवून निघतं का?”

“निघतं.”

“मग प्रोफेशनल.”

मी या विषयावर बरंच वाचलंय, पण इतकी सुटसुटीत व्याख्या कुठे सापडली नव्हती. मामांनी मग उजव्या हाताची चार बोटं जुळवली आणि माझ्या लेन्सला लावून बघितली. ही लेन्स जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांब. तिसऱ्या बोटाशीच ती संपली आणि चौथं बोट हवेत राहिलं. मला वाटलं, सुटलो.

“लहान आहे,” ते म्हणाले. “पण निघतं ना.”

आता बघा, आदल्या महिन्यात एका पोराने याच कॅमेऱ्याला हलकं ठरवलं होतं. आज तो पहिल्यांदाच कुणाला तरी धोकादायक वाटत होता. माझी छाती जरा फुगलीही असेल. पण आत जायचं तर त्याची बदनामी करणं एवढा एकच मार्ग उरला होता आणि तो मी धरला.

“मामा, हा फुल फ्रेमसुद्धा नाही हो!”

“म्हणजे?”

“म्हणजे ह्याच्या आत जो सेन्सर असतो, ज्याच्यावर फोटो उमटतो, तो ह्यात पूर्ण नाहीये. अर्ध्याहून कमी आहे.”

मामांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं, “दुकानदारानं फसवलं?”

“नाही, कंपनीच असा बनवते.”

“आणि तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“पैसे पण अर्धेच घेतले?”

“अर्धे असं नाही... जरा कमी.”

“मग पूर्ण घ्यायचा ना सर!”

तोवर मागे चार माणसं जमली होती. पुण्यात फाटकावर कुणी अडलं की बागेत जायची घाई कुणालाच राहत नाही. त्यातल्या एका माकडटोपीवाल्या आजोबांनी तर चालणं थांबवून मनगटावरच्या घड्याळातली पावलंही थांबवली. म्हणाले, “बरोबर बोलतोय तो. पूर्णच घ्यावा. उगाच हळहळ नको.”

इथे माझा तोल गेला. म्हटलं, पूर्ण म्हणजे काय हो? कोणी ठरवलं पूर्ण? जर्मनीत ऑस्कर बार्नाक म्हणून एक माणूस होता, लायका कॅमेऱ्याचा जनक. त्याने सिनेमाची फिल्म घेतली, आडवी चालवली, सिनेमाच्या दोन चौकटींच्या जागेत एक चौकट बसवली आणि झाली तुमची ३६ बाय २४. तो कॅमेरा १९२५ साली बाजारात आला तेव्हा काचेच्या मोठमोठ्या प्लेटांवर फोटो काढणाऱ्यांना तोच किरकोळ वाटायचा. म्हणजे आजचा जो पूर्ण आहे तो तेव्हाचा चिमुकलाच होता! आणि निकॉनचं घ्या. १९९९ साली त्यांचा डी१ हा डिजिटल कॅमेरा आला तो क्रॉप. त्यांचा पहिला फुल फ्रेम डिजिटल डी३, तो २००७ साली. मधली आठ वर्षं निकॉन वापरणारे पेपरवाले काय करत होते? युद्धं, निवडणुका, क्रिकेट, सगळं क्रॉपवर काढलं. छापलंही. एकाही वाचकाने पेपर परत केला नाही!

माकडटोपीवाले आजोबा “हं” म्हणाले. मामांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“तो बार्नाक आला तरी नाही सोडणार,” ते म्हणाले. “ऑफिसचं पत्र लागतं.”

एवढ्यात रिक्षातून एक प्री-वेडिंग उतरलं. मुलगा, मुलगी, मुलीचा सहा-सात हात लांब शेपटीचा झगा, ती शेपटी उचलायला एक करवली, गिंबलवर, म्हणजे हात हलला तरी फोन न हलू देणाऱ्या दांड्यावर, चढवलेले दोन मोबाईल, चकचकीत रिफ्लेक्टर, गोल दिवा, फुगे आणि रंगीत धुराच्या कांड्यांचं खोकं. पाठोपाठ कागदावर पोजांची यादी घेतलेला एक गृहस्थ, तो सगळ्यांवर ओरडत होता म्हणजे पैसे त्यालाच मिळणार होते. झगा अडायला लागला तसे मामा खुर्चीतून उठले आणि फाटकाची दुसरी फळीही उघडून दिली.

“हे चालतं?” मी म्हटलं.

“मोबाईल आहे सर.”

“मामा, त्यातला एक फोन दोनशे मेगापिक्सेलचा आहे. दोनशे! माझा सव्वीस.”

“मोबाईल तो मोबाईल. त्याचं तोंड निघत नाही.”

यावर काय बोलणार? त्यांच्या नियमात मला फट सापडेना. खोटं कशाला सांगू, मामांवर माझा राग नव्हताच. राग त्या पाटीवर आहे. ‘व्यावसायिक’ म्हणजे कोण हे कुणी लिहून ठेवत नाही. ते ठरवायचं काम तुटपुंज्या पगारावर उन्हात बसवलेल्या माणसावर सोडतात, आणि तो बिचारा जे बोटांनी मोजता येईल ते मोजतो. पुरातत्त्व खात्याच्या लेण्या-किल्ल्यांवर निदान एक गोष्ट कळते. हातात धरून काढा, ट्रायपॉड आणलात तर परवानगी काढा. तीन पाय कुणालाही मोजता येतात. बाकी ठिकाणी मात्र जो माणूस कॅमेरा गळ्यात उघड बांधून फिरतो, ज्याचा रोख कुणीकडे आहे हे लांबूनही दिसतं, तो संशयित. आणि बाकावर बसून, फोनवर बोलल्यासारखं करून, व्यायाम करणाऱ्या बायकांची रील काढणारा तो नागरिक. त्याला कुणी विचारत नाही. त्याचं तोंडही निघत नाही.

“मग कॅमेरा तुमच्यापाशी ठेवून जातो,” मी म्हटलं.

“किमती वस्तूची जबाबदारी नाही घेता येत.”

“मग काय करू?”

मामांनी फोन काढला. “साहेब, एक कॅमेरा आलाय... नाही, माणूस एकच आहे... हो, निघतं... नाही नाही, अर्धा आहे म्हणतात... अर्धा... हो ना, मी पण तेच म्हणलो त्यांना, पूर्ण घ्यायचा... बरं. बरं साहेब.”

फोन ठेवून त्यांनी निकाल दिला. “तोंड इथं ठेवा. बॉडी घेऊन जा.”

“बॉडी?”

“मागचं. ते चालतंय. तोंडाची जबाबदारी मी घेतो.”

माकडटोपीवाले आजोबा म्हणाले, “हे उत्तम झालं,” आणि घड्याळाचं बटण दाबून चालू पडले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्यासारख्या मिररलेस कॅमेऱ्याची लेन्स काढली की आतला सेन्सर उघडाच. समोर आरसा नाही, पडदा नाही, काही नाही. त्यासाठी बॉडीला लावायचं एक प्लास्टिकचं झाकण मिळतं. ते सगळ्यांचंच घरी खोक्यात असतं. मी लेन्स फिरवून काढली, मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. मी वाकून वाचली. नाव, मोबाईल नंबर, आणि ‘वस्तू’ या रकान्यात: ‘कॅमेऱ्याचे तोंड (अर्धे) – १ नग’. अर्धा माझा सेन्सर होता, लेन्स चांगली धडधाकट होती, पण मी सही केली.

भोकावर रुमाल बांधून मी आत शिरलो. बागेत झाडणाऱ्या बायकांची खराट्याची वेळ. कोवळं ऊन धुळीतून असं तिरकं आलेलं की कुणीही कॅमेरा उचलावा. प्री-वेडिंगवाल्यांनी गुलाबी धूर सोडला होता आणि त्यातून नवरा मुलगा खोकत खोकत स्मितहास्य करत होता. बायको कारंज्यापाशी सापडली. माझ्या गळ्यातलं रुमाल बांधलेलं प्रकरण बघून तिने “कुठे आपटलास?” असं विचारलं. हकिकत ऐकल्यावर म्हणाली, “त्यापेक्षा फोनवर काढायचे ना.” ती नेहमी त्यांच्याच बाजूने असते.

परतताना मामांनी तोंड व्यवस्थित परत केलं. वाऱ्याने रजिस्टरची पानं उडू नयेत म्हणून त्यांनी ते वर ठेवलं होतं. पुढच्या काचेवर अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता की त्यावर आधार कार्ड निघालं असतं.

ते पुसून गेलं. सेन्सरवरची धूळ गेली नाही. एफ ११ला आकाशाचा फोटो काढला की वर उजव्या कोपऱ्यात एक करडा ठिपका येतो. एफ २ला दिसत नाही, पण म्हणून मी काय जन्मभर मागचं धूसर करत बसू? कॅमेऱ्यातून हलवून धूळ झटकायची सोय आहे, ती करून पाहिली. रबरी फुग्याने हवा मारली. ठिपका जरा डावीकडे सरकला.

काल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने भिंग लावून आत बघितलं, “बागेतली धूळ दिसतेय” म्हणाला आणि भाव सांगितला. मी भिंतीवरचं दरपत्रक वाचलं. त्यावर लिहिलं होतं, सेन्सर सफाई, आणि पुढे एकच आकडा.

“पण हा तर क्रॉप आहे,” मी म्हटलं. “पुसायची जागा निम्म्याहून कमी. पैसे कसे पूर्ण?”

त्याने सफाईची काडी मागवायला पोराला हाक मारली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, “सर, मग फुल फ्रेमच घ्यायचा ना.”