धुरीमुळे इनहेलर सुटत नाही : एक खुलासा
रोज संध्याकाळी धुरी केल्यास धुळीची ॲलर्जी जाते आणि इनहेलर बंद करता येतो, हा सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे फिरणारा दावा चुकीचा आहे. धुरीने डास पळतात, हे खरे. परंतु कोकणच्या दमट हवेत गादी, उशी आणि पावसाळाभर पेटीत पडून कुबट झालेल्या गोधडीत वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे तिला दाद देत नाहीत, आणि मुळात त्रास होतो तो बराचसा त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. उलट धुराने श्वासनलिका अधिकच आवळतात. अभ्रे-चादरी दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवाव्यात, लादी ओल्या फडक्याने पुसावी. रोजच्या प्रतिबंधक इनहेलरचे व्यसन लागत नाही. तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.