प्रतिक्रियेला उत्तर : खासदारांकडे निषेध मागू नका, कलम १७ बद्दल विचारायला सांगा

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. ‘युद्धात नागरिकांच्या होणाऱ्या कत्तलींवर नाशिक-दिंडोरीच्या खासदारांनी संसदेत बोलावं’ या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. ठरावाने एकही बॉम्ब थांबत नाही, हा पहिला. लासलगावला कांद्याचे हाल असताना आपल्या खासदाराने परक्या लढाईत का पडावं, हा दुसरा.

पहिला आक्षेप बराचसा मान्य. ३१ मार्च १९७१ला संसदेने पूर्व बंगालमधल्या (आजचा बांगलादेश) पाकिस्तानी लष्कराच्या कत्तलीबद्दल एकमताने ठराव केला, त्यात वंशसंहार हा शब्दही होता. तरी कत्तल डिसेंबरपर्यंत चालूच राहिली. शिवाय तो ठराव खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींनी मांडला होता. एकट्या खासदाराच्या निषेधाला ते वजन कुठून येणार? म्हणूनच मागणी कायद्याबद्दल हवी.

कायदा आपल्याकडे आहे, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. जिनिव्हा करार अधिनियम, १९६०. युद्धातले जखमी, कैदी आणि नागरिक यांना संरक्षण देणाऱ्या १९४९ च्या चार जिनिव्हा करारांसाठीचा हा आपला कायदा. कलम ३ प्रमाणे कराराचं संरक्षण असलेल्या व्यक्तीची जाणूनबुजून हत्या केली तर फाशी किंवा जन्मठेप, इतर गंभीर उल्लंघनांना १४ वर्षांपर्यंत कैद. गुन्हा भारताबाहेर घडला, आरोपी परदेशी असला, तरी खटला चालू शकतो. अडतं ते कलम १७ पाशी. सरकारने किंवा सरकारने राजपत्रात नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय कुठलंही न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. पीडिताच्या हातात काहीच नाही.

दुसरी फट याहून मोठी. १९४९ च्या चौथ्या, म्हणजे नागरिकांबद्दलच्या, करारात मुख्य संरक्षण आहे ते शत्रूच्या ताब्यात सापडलेल्या नागरिकाला. आपल्याच शहरात, आपल्याच सरकारच्या हद्दीत राहणाऱ्यावर वरून बॉम्ब पडला, तर तो त्या व्याख्येत बसवताना वकिलाची दमछाक होते. नागरी वस्तीवर जाणूनबुजून केलेला हल्ला गंभीर उल्लंघन ठरवला तो १९७७ च्या पहिल्या पूरक कराराने, आणि त्यात भारत नाही. देशांतर्गत यादवीतल्या हत्या तर आपल्या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये येतच नाहीत. वंशसंहारविरोधी करार आपण १९५९ मध्ये मान्य केला, पण तो गुन्हा ना जुन्या दंडसंहितेत आला, ना २०२३ च्या न्याय संहितेत. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या सज्जन कुमार खटल्याच्या निकालात (डिसेंबर २०१८) दिल्ली उच्च न्यायालयाने नेमकी हीच उणीव दाखवून ती तातडीने भरायला सांगितलं होतं.

आता खासदाराने करायचं काय? खासगी विधेयकावर (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या) फार भिस्त नको; असं शेवटचं विधेयक कायदा झालं ते १९७० मध्ये. लोकसभेच्या नियम ३७७ खाली मुद्दा मांडता येतो, मजकूर २५० शब्दांच्या आत. माझ्या मते प्रश्न विचारणं सर्वांत कामाचं, कारण उत्तर नोंदीवर येतं. मात्र किमान १५ दिवस आधी सूचना लागते, आणि बरेच प्रश्न तिथेच गळतात. ‘अमुक देशाच्या अत्याचारांबद्दल सरकारचं मत काय?’ असं विचारलं की संपलं. मत मागणारा किंवा मित्रदेशाचा अवमान करणारा प्रश्न नियमात बसत नाही. त्याऐवजी असं विचारावं: कलम १७ खाली कोणता अधिकारी नेमला आहे? आजवर किती तक्रारी दाखल झाल्या? चौथ्या करारातल्या उल्लंघनांचे पुरावे व साक्षी नोंदवण्याची काय व्यवस्था आहे? तिन्हींना ठोस उत्तर द्यावं लागतं, ‘आम्ही चिंतित आहोत’ म्हणून सुटता येत नाही.

आणि हे आमदारांकडे नेऊ नका. परराष्ट्र व्यवहार आणि युद्ध दोन्ही केंद्राच्या सूचीत आहेत, आणि करार अमलात आणणारा कायदा अनुच्छेद २५३ प्रमाणे संसदच करते. विधानसभेतला ठराव म्हणजे नुसती बातमी.

राहिला कांदा. निर्यातीचा प्रश्न वाणिज्य खात्याकडे जातो, हा परराष्ट्र खात्याकडे. एकाच अधिवेशनात दोन्ही विचारता येतात. तेव्हा एक विचारला म्हणून दुसरा राहिला, असं कुणी सांगितलं तर त्यांच्याकडे दोन्हींच्या सूचनांच्या प्रती मागा.