उडो नाही म्हणून अ‍ॅक्सेप्ट नाही?

जर्मन हेवी मेटल बँड अ‍ॅक्सेप्टच्या 'ब्लड ऑफ द नेशन्स' ह्या २०१० च्या अल्बमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तिथेच चार ओळींत उत्तर देणार होते, पण लिहायला बसल्यावर ते चार ओळींत मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी तुमच्याच शब्दांत देते: "ताई, उडोच्या काळातलं अ‍ॅक्सेप्ट तुम्ही ऐकलंच नसणार, नाहीतर अशी भाटगिरी केली नसती. गायक गेला तेव्हाच तो बँड संपला. आता जे चाललंय ते जुन्या पाटीवरचं दुकान." (उडो म्हणजे त्यांचा जुना गायक.) त्यापुढे तुमच्या आणखी काही तक्रारी आहेत. नंतर आलेला गायक मार्क टॉर्निलो ही उडोची नक्कल आहे, अल्बम नको इतका लांब आहे, निर्माता अँडी स्नीप सगळ्या बँडना एकाच साच्यातून काढतो, आणि मूळच्या माणसांपैकी आता एकटा गिटारवादक वोल्फ हॉफमन उरला आहे.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते मला लागलं. 'ऐकलंच नसणार' हे तुम्ही कशावरून ठरवलंत? लेखात मी बँडची बाजू घेतली एवढ्यावरून? की मेटलबद्दल बाईनं लिहिलं म्हणजे तिनं ते कालपरवा कुठेतरी ऐकलेलं असणार, असं तुम्हाला वाटतं? तुम्ही तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या तोंडी ते घालत नाही. पण ते 'ताई' प्रेमाचं नव्हतं, एवढं कळण्याइतकं मराठी मला येतं.

आता ऐकण्याबद्दल. त्यांचा 'रेस्टलेस अँड वाइल्ड' हा अल्बम माझ्यापर्यंत भरून घेतलेल्या कॅसेटवर आला. मोठ्या भावाच्या मित्रानं कुणाकडून तरी भरून घेतलेली, मुखपृष्ठ नाही, गाण्यांची यादी निळ्या शाईत लिहिलेली. 'फास्ट अ‍ॅज अ शार्क'च्या सुरुवातीला जुन्या जर्मन गाण्याची तबकडी खरखरत वाजते. आम्हाला वाटलं, कुणीतरी चुकून भलतंच काहीतरी भरून दिलंय. मग सुई ओढल्याचा तो आवाज, उडोची किंकाळी, आणि त्यामागून स्टेफान काउफमनचे दोन्ही पाय बेस ड्रमवर पळायला लागले. १९८२ सालची ही गोष्ट लक्षात घ्या. त्या वेगाला पुढे स्पीड मेटल हे नाव रुळलं, आणि त्या वाटेवर सगळ्यांत आधी चाललेल्या गाण्यांमध्ये हे गाणं मोजतात. ती कॅसेट आमच्या घरी फीत ताणली जाईपर्यंत वाजली. 'मेटल हार्ट'मधल्या सोलोत बेथोव्हेनची 'फ्युअर एलिझ' ओळखल्यावर मी भावाशी पैज लावून जिंकले होते. तेव्हा कृपा करून मला उडोची ओळख करून देऊ नका. त्या आवाजावर माझं प्रेम तुमच्याइतकंच आहे, आणि मला वाटतं जास्तच आहे. फक्त त्या प्रेमापोटी बाकीच्या चौघांना मी नुसते साथीदार समजत नाही.

आता मुख्य वाक्याकडे येते. 'गायक गेला तेव्हाच तो बँड संपला.' ऐकायला हे मोठं निष्ठेचं वाटतं, आणि निष्ठेच्या बाजूनं बोलणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही. मी अडवते आहे, कारण अ‍ॅक्सेप्टच्या बाबतीत हे वाक्य खरं नाही.

उडो डर्कश्नायडर १९८७ साली पहिल्यांदा बाहेर पडला. लगेच त्यानं स्वतःच्या बँडचा, म्हणजे यू.डी.ओ.चा, 'अ‍ॅनिमल हाउस' काढला. त्यावरची गाणी कुणी लिहिली होती? अ‍ॅक्सेप्टनं. त्या अल्बमवरची श्रेयनामावली बघा. उडो ज्यांच्यापासून वेगळा झाला त्यांचंच साहित्य घेऊन तो नव्या घरात राहायला गेला, आणि तो अल्बम चांगला झाला, कारण ती गाणी चांगली होती. तुमच्या न्यायानं तिथे अ‍ॅक्सेप्ट होतं की नव्हतं? गळा उडोचा, हाडं हॉफमन-बाल्टेस-काउफमनची. गळा म्हणजेच बँड असेल तर तो अ‍ॅक्सेप्टचा अल्बम ठरतो, आणि तसं कुणीही म्हणत नाही, उडोसुद्धा नाही.

त्याच्याही मागे जाऊ. १९७९ चा पहिला अल्बम घ्या, १९८० चा 'आय अ‍ॅम अ रेबेल' घ्या, १९८१ चा 'ब्रेकर' घ्या. ह्या तिन्हींवर पीटर बाल्टेसनं गायलेली गाणी आहेत. 'सीविंड्स' किंवा 'ब्रेकिंग अप अगेन' ऐकलंत तर मऊ, स्वच्छ आवाजात बास वाजवणारा माणूस गातोय आणि उडो गप्प आहे. उडो बँडमध्ये असताना! म्हणजे ज्या काळाची तुम्ही शपथ घेताय, त्या काळातही ह्या बँडनं गाण्याला लागेल तो गळा वापरला. उडोचा खरखरीत, कापत जाणारा आवाज त्यांची ओळख झाला हे खरं, पण जर्मनीतल्या झोलिंगनच्या ह्या पोरांनी आधी बँड उभा केला आणि ओळख नंतर आली.

आता तुम्ही १९८९ चं उदाहरण द्याल, सगळेच देतात. अमेरिकन गायक डेव्हिड रीस आला, 'ईट द हीट' निघाला, लोकांनी पाठ फिरवली आणि बँड बंद पडला. 'बघा, उडोशिवाय काय झालं!' मला तो अल्बम अजिबात आवडत नाही, कधीच आवडला नाही, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल बोलण्याचा मला हक्क आहे असं मी समजते. त्या अल्बममध्ये बिघडलेली गोष्ट रीसचा गळा नाही. रीस चांगला गातो. बिघडली होती ती गाणीच. अमेरिकन रेडिओवर वाजावं म्हणून रिफची, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या ठसठशीत तुकड्यांची, धार मुद्दाम घासून काढली, ते कोरसमधले पुरुषी, पलटणीसारखे आवाज सौम्य केले, आणि जिथे हॉफमननं खणायचं तिथे तो गुळगुळीत वाजवत बसला. त्या गाण्यांवर उडोला उभा केला असता तर तोही अवघडला असता. गायक बदलला हे त्या अपयशाचं कारण नव्हतं. बँडनं स्वतःलाच बदलून घेतलं, आणि त्या बदलाला साजेसा गायक शोधला.

२०१० मध्ये नेमकं उलटं घडलं. नव्वदच्या दशकात उडोसह बँड पुन्हा जमला होता, पण १९९६ च्या 'प्रेडेटर'नंतर चौदा वर्षं नवा अल्बम नव्हता. हॉफमन अमेरिकेत जाऊन व्यावसायिक छायाचित्रकार झाला होता. २००५ मध्ये उडोसह काही मोठ्या महोत्सवांत ते वाजवून आले, पण पुढे नवीन काम करायला उडो तयार नव्हता. त्याचा यू.डी.ओ. व्यवस्थित चालू होता आणि तो त्यात समाधानी होता. ह्यात मी त्याला दोष देत नाही. पण मग बाकीच्यांनी काय करायला हवं होतं, हे तुम्ही कुठेच सांगत नाही. एकानं 'नको' म्हटलं म्हणून ज्यांच्या हातात ते रिफ आहेत त्यांनी हात बांधून बसायचं?

२००९ मध्ये टॉर्निलो आला. पुढच्याच वर्षी 'ब्लड ऑफ द नेशन्स'वर हॉफमन, बाल्टेस आणि दुसरा गिटारवादक हर्मन फ्रँक हे तिघंही होते, म्हणजे १९८३ च्या 'बॉल्स टू द वॉल'वरच्या पाचांपैकी तिघं. 'ट्यूटॉनिक टेरर'चा तो मधल्या चालीचा, जड पावलांचा रिफ सुरू झाला की एकही शब्द गायला जाण्याआधी कळतं कुणाचं वाजतंय ते. हे मी लेखातही लिहिलं होतं आणि त्याला तुम्ही उत्तर दिलेलं नाही. आवाज बंद करून फक्त वाद्यं ऐकवली तरी जो बँड ओळखू येतो, तो गायकाबरोबर संपला असं कसं म्हणता?

नकलेबद्दल. हा आरोप टॉर्निलोवर अन्यायाचा आहे आणि थोड्या माहितीनं टळण्यासारखा होता. न्यू जर्सीच्या टी. टी. क्विकमध्ये तो ऐंशीच्या दशकातच ह्याच कसदार, खरबरीत आवाजात गात होता. १९८६ चा 'मेटल ऑफ ऑनर' काढून ऐका. अ‍ॅक्सेप्टचं बोलावणं यायच्या कितीतरी आधीचा हा माणूस आहे. त्याला उडोसारखं गायला कुणी शिकवलं नाही, दोघांचे गळे एकाच जातीचे आहेत इतकंच. शिवाय 'किल द पेन' ऐकलंत का तुम्ही? खरंच विचारते आहे, कारण तुमच्या प्रतिक्रियेत त्या गाण्याचा उल्लेखही नाही. तिथे तो खरखर बाजूला ठेवून सरळ, मोकळ्या सुरात गातो, आणि स्वर लांबवताना मुद्दाम खरखर आणत नाही. उडोच्या जुन्या गाण्यांत मला हे फारसं आठवत नाही. नक्कल करणारा माणूस मूळ माणसाकडे नसलेली गोष्ट आणतो कुठून?

नक्कल काय असते त्याचं उदाहरण हवं असेल तर ब्रिटिश मेटल बँड जुडास प्रीस्टकडे बघा, आणि तिथेही जपूनच बोलायला हवं. टिम 'रिपर' ओवेन्स हा प्रीस्टचीच गाणी गाणाऱ्या बँडमधून आला होता. त्यांचा आधीचा गायक रॉब हॅलफर्ड, त्याचा प्रत्येक चढा सूर त्याला येत होता. तरी १९९७ चा 'जुग्युलेटर' आणि २००१ चा 'डिमॉलिशन' मनात घर करत नाहीत. मी रिपरला दोष देत नाही, त्याच्याजवळ सगळं होतं. त्याला दिलेली गाणी कमी पडली. हेच मी केव्हापासून सांगते आहे. उलट १९७९ मध्ये ब्लॅक सॅबथनं रॉनी जेम्स डिओला घेतलं तेव्हा त्याचा आवाज आधीच्या गायकाच्या, ऑझीच्या, जवळपासही जाणारा नव्हता, आणि 'हेवन अँड हेल' आजही उभा आहे. गिटारवादक टोनी आयोमीचे रिफ त्या गळ्यासाठी नव्यानं लिहिले गेले होते म्हणून. सारखा गळा असून पडलेला बँड आणि वेगळा गळा घेऊन उभा राहिलेला बँड, दोन्ही आपल्यासमोर आहेत. मग निकाल गळ्यावर लागतो हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?

आणि 'जुन्या पाटीवरचं दुकान'! जुन्या पाटीवर जगायचं असतं तर दर उन्हाळ्यात महोत्सवांत तीच पंधरा-वीस गाणी वाजवून मानधन घेता येतं. पुष्कळ बँड तेच करतात आणि लोक आनंदानं जातात. ह्यांनी टॉर्निलोबरोबर २०१० ते २०२४ ह्या काळात सहा नवे अल्बम केले. त्यातला २०१४ चा 'ब्लाइंड रेज' जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला, जे उडोच्या काळात एकदाही झालं नव्हतं. क्रमांकावरून दर्जा ठरत नाही हे मला कुणी सांगायला नको. पण जुन्या नावावर जगणाऱ्या बँडच्या नव्या अल्बमचं इतकं स्वागत होत नाही. उलट २०१६ मध्ये 'डर्कश्नायडर' हे नाव लावून, फक्त अ‍ॅक्सेप्टच्या काळातली गाणी घेऊन जगभर फिरला तो उडो. त्याला तुम्ही दुकान म्हटलेलं मी वाचलं नाही. आपला तो बाब्या, असंच ना? मी त्या दौऱ्याचं ध्वनिमुद्रण मन लावून ऐकलं आणि मला ते फार आवडलं. त्या गाण्यांवर उडोचा हक्क आहे. तसाच हॉफमनचाही आहे.

एक मुद्दा तुमचा मान्य. अल्बम लांब आहे. तासाच्या वर जातो, आणि उत्तरार्धातली दोन गाणी काढली असती तर तो अधिक घट्ट झाला असता. हे मी मोकळेपणानं म्हणते. लेखात तो विषय नव्हता म्हणून आला नाही.

स्नीपच्या ध्वनिमुद्रणाबद्दल आवडनिवड ज्याची त्याची. मला त्यात हॉफमनची गिटार स्वच्छ ऐकू येते, तेवढं मला पुरतं. २०१८ मध्ये बाल्टेस बँड सोडून गेल्यानंतर काय उरलं, हा विषय वेगळा आहे. माझा लेख २०१० च्या पुनरागमनावर होता आणि तेव्हा तो होता. पुढच्या आठ वर्षांनंतरची गोष्ट २०१० च्या अल्बमविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही.

शेवटचं, बोलण्याच्या पद्धतीबद्दल. तुमच्याशी वाद घालायला मला आवडलं असतं. उडोवर इतकं प्रेम करणारी माणसं मला रोज भेटत नाहीत, आणि त्यांच्या 'रशियन रूलेट' ह्या अल्बमबद्दल तासभर बोलता येईल असं कुणी भेटलं तर मला हवंच आहे. पण तुम्ही सुरुवातच 'तुम्ही ऐकलंच नसणार' अशी केलीत. त्यानंतर कुठलाही मुद्दा मांडला तरी तो समोरच्याला खाली बसवून मांडल्यासारखा होतो. भाट म्हणालात. भाट मोबदला घेतो. मी माझ्या पैशानं अल्बम विकत घेते, माझ्या वेळात लिहिते, आणि न आवडलेल्या अल्बमवरही तितकंच सडेतोड लिहिलेलं आहे. 'ईट द हीट'बद्दल वर काय म्हटलं ते वाचलंच असेल. मला भाट म्हणायचं असेल तर कुठलं वाक्य खोटं आहे ते दाखवा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुढचा लेख त्यांच्या 'स्टालिनग्राड' ह्या अल्बमवर आहे. त्यावर लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण आधी अल्बम पूर्ण ऐका आणि गाण्यांची नावं घेऊन लिहा.