पन्नास वर्षं फायरप्लेस चालली, म्हणून स्टोव्ह चालेल?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की मी लोकांना उगाच घाबरवते. मॅसॅच्युसेट्समधल्या तुमच्या घरात फायरप्लेस पन्नास वर्षं बिनघोर जळली. मग त्याच धुराड्याला लाकडाचा स्टोव्ह जोडण्याआधी आत कॅमेरा सोडून तपासण्यावर पैसे कशाला घालवायचे, खालून टॉर्च मारला की दिसतंच. शिवाय गावाकडच्या चुलीला कुठे लायनर, म्हणजे धुराड्याचं आतलं अस्तर, होता!

चुलीचा धूर कौलांतून निघून जायचा. तुमचा लाकडी चौकटीच्या घराला लागून असलेल्या बंद धुराड्यातून जातो.

आणि पन्नास वर्षांचा दाखला फायरप्लेसचा आहे, स्टोव्हचा नाही. उघडी फायरप्लेस खोलीतली भरमसाट हवा ओढते, धूर विरळ होऊन वर जातो. स्टोव्हची हवा आपणच कमी करतो, रात्री तर त्याला धुमसतच ठेवतो. मग थोडा, दाट, गार होत जाणारा धूर रुंद धुराड्यात रेंगाळतो आणि आत क्रिओसोट, म्हणजे धुरातून साचणारा ज्वलनशील थर, धरतं. आधी भुरभुरीत काजळी, पुढे डांबरासारखा चकचकीत थर, ज्याला ब्रश दाद देत नाही. तो पेटला की तापमान ११०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. लायनरची खरी परीक्षा तेव्हा. लायनरच्या मातीच्या दोन टाइलमधला सांधा झडलेला असेल, तर जाळ विटांपर्यंत आणि तिथून वाशांपर्यंत पोचतो.

टॉर्चचं म्हणाल, तर फायरप्लेसच्या गळ्याशीच वाट वळते; पहिली टाइल दिसली तरी नशीब. उपकरणाचा प्रकार बदलला की एनएफपीए २११ हे धुराड्यांसाठीचं अमेरिकी अग्निसुरक्षा मानक दुसऱ्या पातळीची तपासणी सांगतं. त्यात कॅमेरा येतो, माळ्यावरून धुराड्याची पाहणीही येते. नुसतं झाडून घेणं म्हणजे तपासणी नव्हे.

एक मात्र बरोबर बोललात: काही कंत्राटदार बारीकशी चीर दाखवून हजारो डॉलरचं काम गळ्यात मारतात. म्हणून चित्रीकरण मागून घ्या, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

पण तुमचीच मापं बघा. धुराडं बाहेरच्या भिंतीला, आतून १०×१० इंच, म्हणजे १०० चौरस इंच. स्टोव्हचं धूर बाहेर सोडणारं गोल तोंड ६ इंची, म्हणजे जेमतेम २८. बाहेरच्या धुराड्याला या तोंडाच्या दुपटीपर्यंतच मुभा आहे, ५६ झाले. तेव्हा एकही टाइल फुटलेली नसली, तरी तुम्हाला स्टोव्हपासून टोकापर्यंत स्टीलचा ६ इंची लायनर घालावाच लागेल. परमिट काढण्याआधी तपासणी तेवढी करून घ्या.