एकानं बघितलेला व्हिडिओ चाळीस जणांना फुकट?

हा मेसेज मला महिनाभरात चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी गप्प बसलो. पाचव्यांदा तो भाच्याकडून आला, तेही "मामा, बसवून पण झालं, नाद खुळा चालालंय" अशा पुरवणीसकट. भाच्याची कोल्हापुरात राजारामपुरीत अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, बहुतेक पोरं एमपीएससीवाली. आता गप्प बसून भागणार नव्हतं.

मेसेज थोडक्यात असा: जुन्या पीसीवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) टाका, सोबत दिलेली स्क्विडची (मधे बसून सगळ्यांसाठी नेटवरून पानं आणणाऱ्या 'प्रॉक्सी' प्रोग्रामची) तयार इमेज, म्हणजे डब्याचा साचा, एका कमांडीत चालू करा, सगळ्यांच्या वायफाय सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून त्या पीसीचा पत्ता आणि ३१२८ हा पोर्ट, म्हणजे पीसीवरच्या दाराचा नंबर, भरा. एकानं व्हिडिओ बघितला की बाकीच्यांना तो कॅशमधूनच, म्हणजे पीसीवर जपून ठेवलेल्या प्रतीतून, मिळतो, नेट दहापट. एचटीटीपीएससाठी, म्हणजे कुलूपबंद साइटसाठी, दिलेलं सर्टिफिकेट प्रत्येकाच्या मोबाइलवर टाका. कॉन्फिगला हात लावू नका, सगळ्यांना परवानगी देऊन ठेवलीय. कंटेनर आहे म्हणजे धोका शून्य. आणि कॅश कधी पुसली जात नाही.

आधी व्हिडिओचं बघू. ही जादू एके काळी खरी होती, हे मान्य. सायबर कॅफेच्या जमान्यात शाहूपुरीतल्या एका कॅफेत मीच स्क्विड चालवायचो. २५६ केबीपीएसची एक लाइन, त्यावर आठ पीसी, आणि जवळपास सगळ्या साइट साध्या एचटीटीपीवर. पहिल्या गिऱ्हाइकाला पान उघडायला मिनिट लागायचं, दुसऱ्याला तीच चित्रं चुटकीसरशी दिसायची. आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत आणि त्यांच्यासाठी ब्राउझर प्रॉक्सीकडं पान मागतच नाही. तो 'कनेक्ट' म्हणतो, म्हणजे अमक्या साइटपर्यंत मला बोगदा काढून दे. त्या बोगद्यातून कुलूपबंद पेट्या ये-जा करतात, आत काय आहे ते स्क्विडला दिसत नाही. एचटीटीपीचं मानक, म्हणजे नियमांचा अधिकृत दस्तऐवज, जून २०२२ चं आरएफसी ९११०. त्यात स्वच्छ लिहिलंय की कनेक्टनंतर प्रॉक्सीनं दोन्ही बाजूंनी डेटा आंधळेपणानं पुढं ढकलायचा, बाकी काही करायचं नाही. आणि त्याच कलमात पुढं आहे: कनेक्टची उत्तरं कॅश करता येत नाहीत. मेसेजमधला पहिला दावा इथंच निकालात निघतो.

भाच्याला हे पटेना. मग रविवारी सकाळी त्याच्या काउंटरवर बसून सर्टिफिकेट न टाकलेल्या मोबाइलची अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे स्क्विडची नोंदवही, उघडून दाखवली. ओळीमागून ओळ 'टीसीपी_टनेल', 'टीसीपी_टनेल', म्हणजे नुसता बोगदा. 'हिट', म्हणजे कॅशमधून दिलेलं, एकही नाही. "मग फास्ट का वाटालंय?" रविवारी सकाळी नऊच पोरं आली होती, म्हणून.

आता सर्टिफिकेट. माझं डोकं फिरलं ते इथं. त्याचा अर्थ असा की मोबाइल स्क्विडलाच खरी साइट समजणार. बोगदा मधोमध फोडायचा, पेटी उघडायची, वाचायची, नवं कुलूप लावून पुढं द्यायची. एवढं करूनही व्हिडिओ कॅश होत नाहीच. यूट्यूबच्या व्हिडिओचा पत्ता प्रत्येक बघणाऱ्यासाठी वेगळा बनतो, त्यात मुदत असते, आयपी असतो, सही असते. स्क्विड पत्ता बघून ओळखतं. पत्ता वेगळा म्हणजे त्याच्या लेखी व्हिडिओच वेगळा. त्यात अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, बहुतेक अ‍ॅप वापरणाऱ्यानं हातानं टाकलेलं सर्टिफिकेट मानतच नाहीत. म्हणजे यूट्यूबचं अ‍ॅप रुसणार, पैशांची अ‍ॅप अडणार. पण क्रोममध्ये उघडलेली बँक, ईमेल, परीक्षेच्या अर्जाचं लॉगिन, हे सगळं मात्र निमूट उघडं पडणार.

पुढचं तर याहून वाईट. मी कंटेनरमध्ये शिरलो आणि स्क्विडच्या फोल्डरात बघितलं. एका पेम फाइलमध्ये सर्टिफिकेट, आणि त्याच्याच खाली खासगी किल्ली, जिच्यानं त्या सर्टिफिकेटच्या नावानं सही करता येते. इमेज ज्यानं ज्यानं उतरवली, त्या प्रत्येकाकडं तीच किल्ली आहे! म्हणजे भाच्याच्या पोरांपैकी कुणी बसस्टँडवरच्या वायफायला जोडलं आणि तिथं असा एखादा इमेज उतरवलेला महाभाग बसला असेल, तर तो त्या मोबाइलला कुठलीही साइट असल्याचं सोंग दाखवू शकतो, आणि ब्राउझर चकार शब्द काढणार नाही. घराची किल्ली दारावर टांगून ठेवण्यातलाच प्रकार, फक्त घर दुसऱ्याचं.

बाकीचं भराभर सांगतो. सगळ्यांना परवानगी म्हणजे उघडी प्रॉक्सी, बाहेरचा कुणीही वापरू शकेल अशी. स्क्विडच्या मूळ कॉन्फिगमध्ये शेवटची ओळ 'बाकी सगळ्यांना नकार' अशी असते, ती उगाच नसते. "पण मी यूएफडब्ल्यूनं पोर्ट बंद केलाय," भाचा म्हणाला. यूएफडब्ल्यू म्हणजे पीसीवरचा राखणदार, फायरवॉल. डॉकरनं बाहेर काढलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातो, हे डॉकरच्याच कागदपत्रांत आहे. वर भाचेसाहेबांनी पोरांना घरून वापरता यावं म्हणून राउटरवरही तो पोर्ट उघडला होता. उद्या कुणी त्या आयपीवरून काही उद्योग केले, तर पोलीस अभ्यासिकेचं दार वाजवणार. कंटेनर कसाही असो.

कॅश पुसली जात नाही, हेही फसवं. स्क्विडच्या मूळ कॉन्फिगमध्ये डिस्कवरची कॅश बंदच असते. जे काय ते २५६ एमबी रॅममध्ये, कंटेनर थांबला की गेलं. डिस्कवर हवी असेल तर कॉन्फिगमध्ये कॅश_डिर ही ओळ लिहा आणि ते फोल्डर व्हॉल्यूमवर, म्हणजे कंटेनरबाहेर टिकणाऱ्या जागेत, ठेवा. शिवाय डॉकर थांबवताना दहा सेकंदच वाट बघतो, तर स्क्विड आवरायला तीस सेकंदांपर्यंत घेतो. मधेच गळा दाबला की कॅशची अनुक्रमणिका अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून जुळवत बसतो. एकतर स्क्विडची आवरायची मुदत, शटडाउन_लाइफटाइम, पाच सेकंदांवर आणा, नाहीतर डॉकरला थांबायची मुदत वाढवून द्या.

एक गोष्ट नाइलाजानं कबूल करतो. भाच्याकडं उबंटूचे (विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टीमचे) सहा पीसी आहेत आणि उबंटूची पॅकेज अजूनही साध्या एचटीटीपीवरून उतरवता येतात, कारण त्यांची खात्री वेगळ्या सहीनं होते. तिथं स्क्विड खरंच कामाला येतं. एका पीसीनं अपडेट ओढलं आणि दुसऱ्यावर 'हिट' दिसलं, तेव्हा भाच्याचा चेहरा जरा उजळला. फक्त एका फाइलची कमाल मर्यादा मुळात ४ एमबी असते, ती वाढवावी लागली.

तेवढंच ठेवलंय. इमेज बदलली, परवानगी त्या सहा पीसींपुरती, राउटरवरचा पोर्ट बंद. सर्टिफिकेट बारा पोरांनी टाकलं होतं. अकरा जणांच्या मोबाइलमधून सिक्युरिटी सेटिंगमधल्या यूजर क्रेडेन्शियल्समध्ये जाऊन स्वतः काढलं. बारावा सुट्टीला गडहिंग्लजला गेलाय, भाचा त्याला फोन लावतोय.