फुग्याची बाही आणि चंद्रपूरचं ऊन

उन्हाळा तोंडावर आला की एक मेसेज गावागावच्या ग्रुपवर फिरतो. म्हणणं असं: पॅरिस-मिलानच्या रॅम्पवर पुन्हा जुन्या वळणाचे अंगभर कपडे आलेत, उंच गळे, लांब बाह्या, फुगे, झालरी, मोठे घेर. पण विदर्भात ही फॅशन बिनकामाची. ४७ अंशांत माणूस शिजेल, एका ड्रेसला सहा मीटर कापड लागेल, गावच्या टेलरला ही कटिंग जमणार नाही आणि असं घालून कामही होणार नाही. आम्ही शिवणकाम करणारी माणसं आहोत. हे चारही मुद्दे कात्री आणि टेप घेऊन तपासता येतात.

आधी उन्हाचं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, हे खरं. पण त्या उन्हात अंग उघडं ठेवून कोण फिरतं? शेतात निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाया लुगड्यावर फुल बाहीचा शर्ट चढवतात आणि दुपट्ट्यानं डोकं-कान बांधतात. झाकलेल्या कातडीला ऊन थेट लागत नाही, आणि कापड व अंग यांच्यामध्ये हवा खेळली की घाम वाळताना थंडावा देतो. अटी दोनच: कापड सुती हवं आणि माप सैल हवं. छाती ३६ असेल तर कपडा ४० चा कापा.

उकडतं ते बाजारातल्या रेडिमेड नकलेत. वरून पॉलिस्टर जॉर्जेट, आतून पॉलिस्टरचंच अस्तर. ते घाम पीत नाही, हवाही अडवतं. दोष कापडाचा असतो आणि बोल लागतो लांब बाहीला. अस्तर लावायचंच तर फक्त वरच्या भागाला लावा आणि तेही मलमलचं. खाली सुती परकर पुरतो. उंच गळ्याबाबत मात्र मेसेजची तक्रार आम्हाला मान्य आहे. दोन इंची, बक्रम (कडक अस्तर) भरलेली कॉलर इकडे मे महिन्यात कुणी घालू नये. पट्टी एक इंचाची ठेवा, बक्रमऐवजी त्याच कापडाचे दोन थर घ्या, पुढचा गळा अर्धा इंच खाली कापा आणि वरची दोन बटणं उघडता येतील असं करा.

सहा मीटरचा आकडा कुठून आला, तेही कळतं. १२ फेब्रुवारी १९४७ ला क्रिस्तियाँ दिओर या फ्रेंच फॅशन डिझायनरनं पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि भरपूर घेराचे कपडे दाखवले. ब्रिटनमध्ये तेव्हा कापडाचं रेशनिंग चालू होतं, त्यामुळे एवढं कापड उधळल्याबद्दल टीकाही झाली. पण जुनं वळण म्हणजे केवळ १९४७ नव्हे. त्याच्या पाच वर्षं आधी, युद्धाच्या काळात, ब्रिटनमध्ये चुण्या आणि बटणं किती असावीत यावरसुद्धा सरकारी मर्यादा होती. त्या काळातले बेताच्या घेराचे कळीचे (वर अरुंद, खाली रुंद अशा उभ्या पट्ट्या जोडलेले) फ्रॉकही जुन्या वळणाचेच, आणि आपल्याला तेच परवडतात.

हिशोब मांडू. कंबर २८, कमरेखाली लांबी ३०, कापडाचा पन्हा (रुंदी) ४४ इंच. पूर्ण गोल घेर कापला तर नुसत्या घेरालाच साडेतीन मीटरच्या वर जातं. वरचा भाग, बाह्या, अस्तर धरलं की सहा होतात. त्याऐवजी सहा कळ्या पाडा. प्रत्येक कळी वर पावणेसहा, खाली साडेतेरा, लांबी दाबासह (शिलाईत जाणारं कापड धरून) ३२. एक सुलटी, एक उलटी अशी मांडली की एका पन्ह्यात चार बसतात, म्हणजे सहा कळ्यांना ६४ इंच. वरच्या भागाला २०, बाह्यांना २२. एकूण १०६ इंच, पावणेतीन मीटरच्या आत. कॉलर, कफ, खिसे उरलेल्या तुकड्यातून निघतात आणि घेर ७५ इंच मिळतो. आटण्यासाठी थोडं जास्त, म्हणून तीन मीटर घ्या. खादीचा पन्हा ३६ असेल तर साडेतीन. एकाच दिशेची प्रिंट मात्र घेऊ नका. उलटी कळी लगेच दिसते.

आणि कापड कापण्याआधी रात्रभर भिजवा. सुती कापड शेकडा तीन ते पाच आटतं. न भिजवता शिवलेला ४६ इंची फ्रॉक पहिल्या धुण्यात दोन इंच वर येतो. मग लोक म्हणतात, टेलरनं बिघडवला.

टेलरचा मुद्दा तर अन्यायाचा आहे. फुग्याच्या बाहीचे ब्लाऊज गावचे टेलर कधीपासून शिवताहेत. बिघडतं ते एका जागी: शोल्डर नेहमीचंच ठेवतात, म्हणून फुगा खांद्यावरून घसरून दंडावर लोंबतो. शोल्डर दोन्हीकडे अर्धा इंच आत घ्या. बाहीचा कटिंगचा कागद मधोमध चिरून तीन इंच फाकवा आणि बाहीचा माथा (वरची गोलाई) एक इंच उंच करा. मशीनचा टाका सर्वांत मोठा ठेवून पाव इंच अंतरानं दोन शिलाया दाबातच मारा आणि बॉबिनचे दोरे ओढा. एकच शिलाई मारली तर चुण्या सरकून एका जागी गोळा होतात. चुण्या खांद्याच्या शिलाईच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांतच ठेवा. काखेत गेल्या तर काचतात. फुगा उभा राहावा म्हणून टोचरी नेट घालतात, तिची गरज नाही. त्याच कापडाची दीड इंची दुहेरी पट्टी आतून मुंढ्याला (बाही जोडायच्या गोलाईला) लावली की काम होतं.

राहिलं कामाचं. हात वर केल्यावर अख्खा ड्रेस वर ओढला जातो, तो लांब बाहीमुळे नाही, खोल मुंढ्यामुळे. आरामाला म्हणून मुंढा खोल कापतात आणि उलटंच होतं. तो काखेच्या जवळ ठेवा आणि काखेत चार बाय चार इंचांचा उरेब (तिरका कापलेला) चौबगला, म्हणजे चौकोनी तुकडा, घाला, जुन्या सदऱ्याला असायचा तसाच. मग हात वर करून छपरावरचं काढलं तरी कंबर जागची हलत नाही. घेर घोट्यापर्यंत नको, पोटरीच्या मध्यावर थांबवा, नाहीतर सायकलच्या चेनमध्ये जातो. कफ बटणाचा असावा, म्हणजे भांडी घासताना बाही कोपराच्या वर सारता येते. आणि कळीच्या शिलाईत दोन्ही बाजूंना खिसे ठेवा, सात इंच खोल, मोबाईल पूर्ण आत जाईल एवढे.